उरलेल्या वेळात स्वतःची काळजी घेता येत नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४८, सासूबाई दीड वर्ष झालं अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा नोकरीला बंगळूरला, मिस्टर सकाळी आठला निघतात ते रात्री साडेआठला येतात. येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो स्वतःची काळजी घे गं, आनंदी राहा, पण घराबाहेर पाऊल टाकता येत नाही तर हे घरात राहून करायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एक ओळ लिहिलीये ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, की पूर्वी मोगऱ्याच्या कुंडीत जीव होता, आता तिला पाणी घालायचंही जिवावर येतं.

मी २२ वर्षं समुपदेशन करतेय आणि त्यातली बरीच वर्षं घरी आजारी माणसाचं करणाऱ्या बायकांसोबत गेलीत, काही पुरुषही होते. त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे, एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

आधी ती मोगऱ्याची गोष्ट घेऊ. तुम्हाला वाटतंय की आपलं मनच मेलंय, आपल्यालाच काहीतरी झालंय. तसं नाहीये. माणूस थकला की कुठली कामं आधी सुटतात बघा. डबा झाला नाही तर कुणीतरी विचारतं, सासूबाईंची कूस बदलली नाही तर पाठीला जखम होते, दूध तापवलं नाही तर नासतं. पण मोगऱ्याला पाणी घातलं नाही, दुपारी रेडिओ लावला नाही, मैत्रिणीला फोन केला नाही तर कोण विचारतंय? कुणीच नाही. म्हणजे दिवसातून जे जे काही आपल्याला देत होतं ते गुपचूप गळून जातं आणि जे जे आपल्याकडून घेतं ते तेवढं राहतं. मग मन अजून थकतं, मग अजून एक आवडीची गोष्ट सुटते. हे चक्र आहे, तुमचा स्वभाव नाही.

अमेरिकेत पीटर लेविन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे असं नीट मांडलं आणि त्यातून पुढे जी उपचारपद्धत तयार झाली तिला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. नाव जड आहे पण आत गोष्ट साधी आहे, मन बरं होईल मग मी करीन असं थांबायचं नाही, आधी छोटीशी कृती करायची, ठरलेल्या वेळेला करायची, मन मागून येतं. सुरुवातीला येतच नाही, ते पण सांगून ठेवते, नाहीतर तीन दिवसांनी तुम्ही म्हणाल की काही उपयोग नाही.

आणि हे काही परदेशातलंच नाही. आपल्या शेजारी गोव्यात संगथ या संस्थेने मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर यावर मोठं काम केलंय, १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या लोकांना हीच पद्धत दिली आणि देणारे कोण तर प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ नव्हे. ६ ते ८ भेटी फक्त. तीन महिन्यांनी बघितलं तर नेहमीच्याच पण जरा सुधारलेल्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते आणि ज्यांना या भेटीही मिळाल्या त्यांच्यातले ६४ टक्के. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आलंय. मी हे का सांगतेय, तर "कुंडीला पाणी घालून काय होणारे" हा प्रश्न मला रोज ऐकू येतो, आणि त्याचं उत्तर असं आहे की रोज, ठरवून, मोजून केलं तर बरंच काही होतं.

आता करायचं काय.

एक वही घ्या, मुलाची जुनी अर्धी कोरी वही असली तरी चालेल. सात दिवस फक्त लिहायचं, एक चहा सोडला तर (तो पुढे सांगते) काहीच बदलायचं नाही. सकाळपासून झोपेपर्यंत साधारण दर दोन तासांनी एक ओळ, काय केलं, आणि त्याच्यापुढे दोन आकडे. पहिला, बरं किती वाटलं, ० ते १०. दुसरा, दमायला किती झालं, तेही ० ते १०. बस. भावना लिहू नका, निबंध लिहू नका, वेळ नाही तुम्हाला.

एका ताईंची वही मला अजून डोळ्यासमोर दिसते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). घरी नवऱ्याला अर्धांगवायू. त्या मला ठामपणे म्हणाल्या होत्या की माझ्या दिवसात शून्याशिवाय दुसरा आकडाच येणार नाही. वही आली. रात्री नऊ ते अकरा सीरियल बघणं, ज्याला त्या स्वतः "माझा एकमेव विरंगुळा" म्हणायच्या, त्याच्यापुढे बरं वाटलं २, दमायला झालं ५. आणि मंगळवारी सकाळी साडेदहाला लिहिलं होतं, मागच्या गॅलरीत बसून मेथी निवडली, बरं वाटलं ६. त्यांना स्वतःलाच खरं वाटेना, खोडून परत ६ लिहिलं होतं. मी विचारलं त्या वेळी नेमकं काय काय होतं तिथे? तर पाठीवर ऊन होतं, खालच्या मजल्यावरच्या बाईंशी जाळीतून बोलणं चाललेलं, हाताला गार ओली पानं लागत होती आणि मुख्य म्हणजे आतून हाक येणार नव्हती कारण मिस्टरांचा फिजिओथेरपिस्ट आला होता. म्हणजे आनंद मेथीत नव्हता, ऊन, गप्पा आणि "आत्ता हाक येणार नाही" ही खात्री या तीन गोष्टींत होता. मग आम्ही या तीन गोष्टी आठवड्यातून चार वेळा कशा आणता येतील ते ठरवलं, भाजी कुठली का असेना.

तुमच्या वहीत काय निघेल मला माहीत नाही, आणि म्हणूनच मी तुम्हाला "या दहा गोष्टी करा" अशी यादी देत नाहीये. सुगंधी मेणबत्ती लावा, फेसपॅक लावा वगैरे सगळीकडे लिहिलेलं असतं, ज्याला आवडतं त्याने जरूर लावावा, पण स्वतःची काळजी म्हणजे बाजारातून काहीतरी आणायचं असं नाही. तुमच्याच घरात, तुमच्याच दिवसात कुठेतरी ४ किंवा ५ लपलेले असतात, ते शोधायचे आणि त्यांना जागा द्यायची.

जागा द्यायची म्हणजे काय, इथेच सगळ्याजणी अडकतात. "सगळं आवरलं की मग माझं" हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. सगळ्यांना वाढून झालं की आपण बसायचं, ताजी पोळी त्यांना, कालची आपल्याला, चहा तिसऱ्यांदा गरम करून प्यायचा नाहीतर तसाच गार ढोसायचा. पण सगळं आवरत कधीच नाही हो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेमध्ये घरकामाचा, म्हणजे ज्याचे पैसे मिळत नाहीत त्या कामाचा, वेळ मोजलाय. हे काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. आणि कुणाची सेवा-शुश्रूषा, मुलंबाळं सांभाळणं हे त्यात धरलेलं नाही, ते वेगळं. तेव्हा उरलेला वेळ हा प्रकार तुमच्या घरात अस्तित्वातच नाही. उरलेल्या वेळात स्वतःची काळजी घेईन म्हणणं म्हणजे ती घेणार नाही असंच म्हणणं.

म्हणून मी नेहमी सांगते, नवा वेळ शोधू नका, आधीच रोज होणाऱ्या कुठल्यातरी गोष्टीला बांधून टाका. सासूबाईंचं सकाळचं स्पंजिंग झालं, कपडे बदलले, त्यांना नाश्ता भरवून झाला, की साधारण अर्धा-पाऊण तास त्या डुलकी घेतात, बहुतेक आजारी माणसं घेतात. आत्ता त्या वेळात तुम्ही भांडी, मशीन, ओटा सगळं उरकत असाल. त्यातली पहिली १५ मिनिटं तुमची. पहिली, शेवटची नाही. शेवटची ठेवलीत की ती भांड्यांत जाणारच.

आणि त्या १५ मिनिटांत पहिल्या आठवड्यात फक्त चहा. हसू नका, मी हे अगदी मनापासून सांगतेय. चहा स्वतःसाठी वेगळा टाका, सकाळचा उरलेला नाही. आलं किसण्यापेक्षा ठेचून घाला, वास जास्त सुटतो. गवती चहा असेल तर पातीची गाठ मारून टाका. उकळताना तिथेच उभं राहायचं, बाजूला ओटा पुसायचा नाही. आवडता कप काढायचा, तो पाहुण्यांसाठी शोकेसमध्ये ठेवलेला. बसायचं, खुर्चीवर, पाठ टेकून. मोबाईल आतल्या खोलीत. पहिला घोट घ्यायचा आणि तो किती गरम आहे, आलं आधी लागतं का साखर आधी, एवढंच बघायचं. मानसशास्त्रात याच्यावर सुद्धा अभ्यास झालाय, फ्रेड ब्रायंट या संशोधकाने चांगल्या क्षणात मुद्दाम रेंगाळण्याला एक कौशल्य म्हटलंय, म्हणजे चांगलं घडणं वेगळं आणि ते आपल्यापर्यंत पोचणं वेगळं. आपल्याकडे चांगलं घडतं पण आपण तिथे हजरच नसतो, आपण उद्याच्या भाजीत असतो. हजर राहायची सवय परत लावता येते आणि ती सुरू करायला चहा फार सोपा पडतो कारण तो रोज होतोच.

पहिल्या दोन-तीन दिवशी अपराधी वाटेल. आतून आवाज येईल की म्हातारं माणूस पडलंय आणि ही बसलीये चहा पीत. वाटू दे. अपराधी वाटतंय म्हणजे आपण चुकतोय असं नसतं, इतकी वर्षं जे केलं नाही ते करताना तसं वाटतंच. त्याच्याशी वाद घालू नका, कप खाली ठेवू नका एवढंच.

आता शरीराचं. यात मी फार शिरत नाही पण रात्रीच्या झोपेबद्दल बोलायलाच हवं, कारण झोप तुटत असेल तर बाकी सगळं केलं तरी वहीतले आकडे वर येत नाहीत. सासूबाईंची कूस रात्रीही बदलायला उठत असाल. डॉक्टरांना विचारा की एअर बेड वापरला तर रात्री किती वेळाने बदललं तर चालेल, प्रत्येक पेशंटचं वेगळं असतं. आणि रात्र वाटून घ्या. बारापर्यंत मिस्टर, नंतर तुम्ही, किंवा एक दिवस आड. सलग चार-पाच तासांची झोप आठवड्यातून तीन रात्री मिळाली तरी मन ताळ्यावर यायला लागतं हे मी कित्येकदा पाहिलंय. परवडत असेल तर ब्यूरोची बाई रोज नको, आठवड्यातून दोन रात्री तरी. त्या पैशांना "माझ्यावरचा खर्च" म्हणू नका, तो सासूबाईंच्या औषधपाण्यातलाच खर्च आहे, कारण तुम्ही आडव्या पडलात तर त्यांचं करणार कोण. संध्याकाळी पाचनंतरचा चहा मात्र बंद, त्यातलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात.

सकाळी १०-१५ मिनिटं गॅलरीत किंवा दारात उजेडात उभ्या राहा. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे लक्स उजेड असतो, बाहेर ढगाळ दिवशी सुद्धा हजारोंत असतो, आणि झोपेचं घड्याळ त्या सकाळच्या उजेडावर लागतं.

झोपताना तळपायाला तेल. आपल्या आज्या काशाच्या वाटीने तूप नाहीतर तेल चोळायच्या ते आठवतं ना? वाटी असेलच घरात कुठेतरी, काढा. उष्णता ओढून घेते वगैरे म्हणतात त्यात मी जात नाही, पण दिवसभर तुमचे हात दुसऱ्याच्या अंगाला लागतात, स्पंजिंग, डायपर, पावडर, मालिश. स्वतःच्या अंगाला प्रेमाने हात कधी लावलात? पाच मिनिटं. माझ्याकडे येणाऱ्या बायका या एका गोष्टीवर रडतात. रडू द्यावं.

आणि एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, व्हिटॅमिन डी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला. शिवाय तुमचं वय पाळी जायच्या आसपासचं. बरेचदा ज्याला आपण मनाचा थकवा म्हणतो त्यातला काही भाग रक्तातला असतो, आणि तो चहाने आणि वहीने जात नाही, गोळीने जातो.

मिस्टरांबद्दल तुम्ही लिहिलंय की "ते चांगले आहेत पण त्यांच्या लक्षात येत नाही." बऱ्याच घरांत असंच असतं. आपण म्हणतो "जरा मदत करत जा ना", ते म्हणतात "सांग ना काय करू", आपण म्हणतो "ते पण मीच सांगायचं?", झालं, भांडण. त्यापेक्षा काम नका मागू, वेळ मागा. असं म्हणा, "रविवारी ४ ते ६ आईंजवळ तुम्ही. मी खाली मैदानात असेन, किंवा आतल्या खोलीत दार लावून." आणि त्याआधी एका कागदावर सगळं लिहून कपाटाला चिकटवा, पाणी किती वाजता आणि किती चमचे, उशी कुठे लावायची, डायपर कुठे ठेवलेत, कुठल्या कुशीवर आहेत. मग त्या दोन तासांत बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत. चादर वाकडी घातली तरी राहू दे. आपण मध्ये पडलो की दोन तास परत आपलेच होतात. पहिला रविवार वाईट जाईल, तिसऱ्या रविवारी त्यांना जमेल. आपल्या आईची कूस स्वतः बदलली की मुलाच्या बरंच काही लक्षात येतं, जे सांगून आलं नसतं.

सासूबाईंशी तुमचं कसं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण दिवसभरात तुम्ही त्यांच्याजवळ जाता ते काहीतरी करायलाच जाता, बरोबर? भरवायला, पुसायला, औषध द्यायला. त्यांच्यासाठीही तुम्ही म्हणजे सतत काहीतरी करणारे हात झालात. रोज दहा मिनिटं हात रिकामे ठेवून तिथे बसून बघा. विविध भारती लावा दोघींसाठी. त्यांना विचारा की त्यांच्या माहेरी लोणच्याचा मसाला कसा करायचे, मोहरी फेसायचे का नुसती डाळ घालायचे. बोलता येत नसेल तर जुना अल्बम घेऊन बसा. माझ्या अनुभवात या दहा मिनिटांना वहीत आश्चर्यकारक मोठे आकडे मिळतात, पण नातं खूप दुखावलेलं असेल तर हे करू नका, तिथे जबरदस्तीने प्रेम आणायला जाऊ नका, सेवा नीट होतेय तेवढं पुष्कळ आहे.

अजून एक, कृतज्ञतेची डायरी. रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहा, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगितलं असेल. ज्यांना लाभतं त्यांनी करावं, मी मात्र थकलेल्या शुश्रूषा करणाऱ्या बाईला पहिल्या महिन्यात हे देत नाही. तिला ते असं ऐकू येतं की तुझ्याकडे एवढं सगळं आहे तरी तू रडतेस. आधी झोप, उजेड, चहा, दोन तास. आभार नंतर आपोआप सुचतात.

आता एक गंभीर. तुम्ही लिहिलंय "कशातच मन रमत नाही". हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ असं असेल, भूक-झोप बिघडली असेल, किंवा "मी नसले तर बरं" असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. मनोविकारतज्ज्ञांकडे जायला संकोच वाटत असेल तर फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा. बाहेर पडता येत नसेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. सासूबाई झोपल्या की गॅलरीतून लावता येतो तो फोन. औषधं लागली तर घ्यायची, बीपीची घेतो तशीच.

नाहीतर मग या आठवड्यात एवढंच, वही आणि सकाळचा गरम चहा. तेल, रविवार, रेडिओ हे सगळं एकदम सुरू केलंत तर चौथ्या दिवशी सगळंच सुटेल, दर आठवड्याला एक वाढवा. एखादा दिवस बुडाला तर बुडाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच.

आणि तो मोगरा. पाणी बरेच दिवस नसेल तर वरून काटकी दिसत असेल, पण मोगरा चिवट असतो, नखाने खोड जरासं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. सुकलेल्या फांद्या छाटा, माती वरून उकरा, मूठभर शेणखत किंवा गांडूळखत घाला आणि कुंडी जिथे पाच-सहा तास ऊन येतं तिथे सरकवा. त्याला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटायला घाबरू नका. पण हे सगळं पुढच्या आठवड्यात. आज फक्त कुंडीपाशी जा, मातीत बोट घालून बघा कोरडी आहे की ओली, आणि घरात येऊन वहीत त्याच्यापुढे आकडा लिहा. शून्य आला तरी लिहा. सात दिवसांनी वही घेऊन परत लिहा मला, कुठे कुठे ४ आणि ५ निघाले ते आपण दोघी मिळून बघू.